टोपलीभर मोह, की अख्खं झाड?

धुळ्याहून निघताना आमच्या गाडीत तीन माणसं आणि अकरा सुऱ्या होत्या. माणसांपैकी एक मी, दुसरी माझी बायको सुनंदा आणि तिसरे वाणीसर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सुऱ्यांपैकी आठ वाणीसरांच्या, दोन माझ्या आणि एक सुनंदाची, कांदा कापायची. अख्ख्या प्रवासात उपयोगी पडली ती तेवढीच.

या आमच्या छंदाला बुशक्राफ्ट म्हणतात. घरी गॅस असताना रानात जाऊन चकमक झाडायची, घरी पलंग असताना ताडपत्री बांधून दगडावर झोपायचं, आणि त्याचे फोटो काढायचे. पन्नाशीत शहाणी माणसं गुडघ्याला तेल लावतात. मी गुडघे टेकून वाळल्या गवतावर फुंकर मारायला शिकलो. सुनंदा याला ‘रानखूळ’ म्हणते. ती का आली, असं वाणीसरांनी विचारलं, तर म्हणाली, नंतर शोधायला यायचंच आहे, त्यापेक्षा आधीच आलेलं बरं.

या खेपेला मात्र मला एक कारण होतं. तंबू आणि सुऱ्या विकणाऱ्या एका कंपनीनं फोटोस्पर्धा जाहीर केली होती. पहिलं बक्षीस तंबू, शिवाय ‘आपला फोटो देशभर झळकण्याची संधी’. मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. तंबूचं सोडा, पण झळकायचं होतं. आमच्या घराण्यात माझे फोटो प्रसिद्ध आहेत ते वेगळ्या कारणानं. पुतणीच्या लग्नात मी काढलेल्या फोटोत मंगळसूत्र आलं, नवरी आली नाही. तेव्हापासून मी खिशातून फोन काढला की नातेवाईक आपलं डोकं चाचपून बघतात.

सोनगीरला चहा झाला. किल्ल्याकडे बोट दाखवून वाणीसरांनी इतिहास सांगायला घेतला आणि चहावाल्यानं तो मध्येच दोनदा दुरुस्त केला. शिरपूर मागे पडलं, कपाशीची रिकामी शेतं विरळ झाली आणि समोर सातपुडा उन्हात धुरकट दिसायला लागला. पायथ्याच्या त्या गावाचं नाव सांगत नाही. नाहीतर पुढच्या शनिवारी तिथं आणखी अकरा सुऱ्या पोचतील.

वाणीसरांच्या ओळखीचे आबा तिथं राहतात. ते आणि त्यांच्या पत्नी रेलीअक्का आपसात त्यांची बोली बोलतात, आमच्याशी अहिराणी. अक्कांनी मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा वाढला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून त्यांनी आणखी एक भाकरी वाढली. जेवण एवढं झालं की रानात तग धरण्याचा प्रश्नच उरला नाही. तरीही दिवस मावळायच्या आत आम्ही नाल्यापलीकडे जागा शोधायला निघालो.

जागा मीच शोधली आणि माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. जंगलाच्या कडेला मोठं मोहाचं झाड, आणि त्याखालची जमीन अंगणासारखी स्वच्छ. पाचोळा नाही, काटा नाही. निसर्ग कधीकधी पाहुण्यांची किती काळजी घेतो, असं काहीसं मी बोललोसुद्धा. मग ताडपत्रीची चार टोकं ताणून छप्पर बांधलं. भारी, पातळ, पावसाचा थेंब न झिरपणारी ताडपत्री होती ती. सुनंदाला किंमत मी आजतागायत सांगितलेली नाही.

पहाटे जाग आली तेव्हा छप्पर माझ्या नाकाला टेकलं होतं. वर काहीतरी टपटप पडत होतं. बाहेर आलो तर रेलीअक्का टोपली घेऊन उभ्या, आणि आमच्या ताडपत्रीच्या पोटात मोहाच्या फुलांचा ढीग.

तेव्हा कळलं की ते अंगण निसर्गानं नव्हतं झाडलं. फुलं पडायच्या दिवसांत प्रत्येक घर आपल्या वाट्याच्या झाडाखालचा पाचोळा काढून जमीन साफ करतं, म्हणजे पहाटे पडलेली फुलं वेचता येतात. साफ जमीन म्हणजे ‘या झाडाखाली आम्ही वेचतो’ ही पाटीच. अख्खं गाव ती पाटी वाचतं. आम्ही तिच्यावर अंथरूण घातलं होतं.

अक्का रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. ताडपत्रीकडे बघत म्हणाल्या, “भाऊ, तुनी ताडपत्रीवर पडनात म्हनीसन फुलं तुना व्हई ग्यात का?” (तुझ्या ताडपत्रीवर पडली म्हणून फुलं तुझी झाली का?)

मी घाईघाईनं म्हणालो, तुमचीच, सगळी तुमचीच. मग त्या खाली शिरल्या आणि काठीनं छप्पर वर ढकलत फुलं कडेच्या टोपलीत घरंगळवू लागल्या. तेवढ्यात डोंगराआडून ऊन आलं. पातळ कापडातून एकेक फूल ठिपक्यासारखं दिसत होतं, आणि खाली अक्कांचा वर बघणारा, हसू दाबलेला चेहरा. मी फोन काढला.

फोटोत डोकं होतं. पूर्ण होतं. वाणीसरांनी चष्मा लावून बघितला, काढून बघितला आणि म्हणाले, “पहिलं बक्षीस. पाठवा.”

आबांच्या ओट्यावर रेंज होती. अर्ज उघडला, फोटो चढवला, शेवटी ‘अटी मान्य’ अशी छोटी चौकट आली. मी टिचकी मारणार, तोच सुनंदानं फोन घेतला. ती दस्तनोंदणी कार्यालयात आहे. खरेदीखतं, भाडेकरार वाचण्यात तिची पंचवीस वर्षं गेलीत. साबणाच्या वेष्टणावरचा मजकूरही ती शेवटपर्यंत वाचते. इथल्या अटी अशा होत्या: फोटो कायमचा कंपनीचा. बक्षीस मिळो न मिळो. कुठेही, कशावरही छापता येईल, कुणालाही विकता येईल, कापता-बदलता येईल, काढणाऱ्याचं नाव घालण्याचं बंधन नाही, पुन्हा विचारण्याचंही नाही. आणि फोटोतल्या माणसाची या सगळ्याला संमती आहे, असं मी लिहून देतो.

“आमच्याकडे याला बक्षीसपत्र म्हणतात,” ती म्हणाली.

“बक्षीस तेच देतायत ना?”

“नाही. पत्र तुम्ही लिहून देताय, आपलं ते कायमचं फुकट दुसऱ्याला. फोटो तुमचा, चेहरा अक्कांचा, आणि दोन्ही त्यांना बक्षीस.”

वाणीसर म्हणाले, वहिनी, सगळ्या अटी अशाच असतात, एवढं कोण वाचतं. सुनंदानं त्यांना त्या पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखवल्या. मग मीच कंपनीच्या नंबरवर फोन लावला आणि फोटो फक्त स्पर्धेपुरता, वर्षभरासाठी दिला तर चालेल का, असं विचारलं. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की चौकटीवर खूण केल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.

संमती अक्कांची हवी होती, म्हणून त्यांना फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग आबांना काहीतरी म्हणाल्या. आबांनी सांगितलं, ती म्हणते, ही तर माझी आईच. आईचा फोटो कुणाकडेच नाही. मी अटी जमतील तशा समजावल्या. आबांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “त्या टोपलंभर फुलं मांगतस, का बठ्ठं झाड?” (ते टोपलीभर फुलं मागतात, की सगळं झाड?)

मी चौकटीकडे बघितलं. “झाड,” म्हणालो.

आबा हसले. झाड तर आमचंही नाही, सरकारचं. आम्ही फुलं घेतो आणि झाड तिथंच ठेवतो, असं म्हणाले. अक्कांनी मान हलवली, नको म्हणून. वर म्हणाल्या, मला दे एक फोटो, घरात लावायला.

निघताना मात्र अक्का-आबांनीच एक मागणं केलं. ताडपत्रीवर फुलं मातीत न पडता मिळाली होती. हंगाम संपेपर्यंत ती राहू दे, पाऊस लागायच्या आत परत करू. सुनंदा लगेच म्हणाली, ठेवा की. मी किंमत सांगू शकत नव्हतो, म्हणून हसलो.

परतीला पुन्हा सोनगीरच्या त्याच चहाच्या टपरीवर थांबलो. पावणेसहा वाजले होते. खोटं कशाला बोलू, मी टेबलाखाली अर्ज उघडला होता. एवढ्या मोठ्या देशात अक्कांना कोण ओळखणार, असंही मनात आलं. रात्रभर मोहाखाली झोपलो होतो, तो उतरायला वेळ लागणारच. वाणीसरांनी आपला फोटो पाठवून टाकला: खडकावर मांडलेल्या आठ सुऱ्या आणि चकमक झाडणारा त्यांचा हात. सुनंदा चहात बिस्किट बुडवत बसली. घड्याळात सहा वाजले आणि अर्ज आपोआप बंद झाला. मग ती म्हणाली, “चहा गार झाला तुमचा.”

त्याच आठवड्यात अक्कांच्या फोटोची मोठी प्रत चौकटीत बसवून पाठवली. वाणीसर खरोखरच देशभर झळकले. म्हणजे, त्यांचा अंगठा झळकला. सुऱ्या कापल्या, नाव नाही, उरला नुसता अंगठा, आणि खाली हात धुवायच्या पावडरीची जाहिरात. ते पेपर घेऊन घरोघर सांगत फिरले, हा मी आहे. पण अंगठा ओळखणार कोण? दस्तावर उठवलेला असता, तर सुनंदानं ओळखला असता.

मे महिना संपता संपता दारात आबा उभे. बाजाराला धुळ्यात आले होते. काखेत ताडपत्री: धुतलेली, मी कधी घालू शकलो नाही अशी चौपदरी घडी घातलेली, फाटलेलं एक टोक अक्कांनी टाके घालून शिवलेलं. घडीच्या पोटात फडक्यात बांधलेली वाळकी मोहफुलं. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला आणलीत, राहिली असती तिकडेच.

“पावसापर्यंत म्हणलो होतो ना,” आबा म्हणाले, आणि पाणी पिऊन बाजाराला गेले.