यंत्राचं नाक

पिंपमावशीकडे गल्लीचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिने शिंपीदादांचं पाण्याचं पिंप भर रस्त्यात उपडं केलं तेव्हा. पालिकेची डासांच्या कामावरची बाई, खांद्याला धूर फवारायचं यंत्र, नाकाला फडकं. दादा शिलाई मशीनवरून ताडकन उठले.

“अगं बाई, सगळं पाणी सांडलंस की!”

“पाणी कुठलं, दादा? तुम्ही पाळलेले डास सांडले.”

तेव्हापासून ती पिंपमावशी झाली. दादा आठवडाभर फुगून बसले, पण पिंपाला झाकण आलं.

पालिकेत तिची अकरा वर्षं गेली होती, सगळी रोजंदारीवर. यंदा कायम होणाऱ्यांत तिचंही नाव लागलं. खात्याच्या साहेबांची सही तेवढी राहिली होती.

“महिनाभर तरी तोंडाला कुलूप घाल,” नवरा म्हणाला.

“घालते. किल्ली तुमच्याकडेच ठेवू का?”

त्याच सुमारास वाचनालयाच्या गच्चीवर हवा मोजणारं यंत्र बसलं आणि खाली चौकात आकड्यांची पाटी लागली. हवा बरी असली की पाटी हिरवी, बिघडली की लाल. साहेबांचा जीव त्या हिरव्या रंगात अडकलेला, कारण स्वच्छ हवेचं बक्षीस ठरवायला बाहेरून पाहुणे यायचे होते. आणि नेमका तेव्हाच शिंपीदादांच्या सुनेला डेंग्यूचा ताप आला. पोरगी पोटुशी. घर वाचनालयाच्या अगदी समोर.

ताप निघाला की त्या घराच्या आसपास धूर करायचा, ही खात्याची जुनी रीत. मावशी यंत्रात औषध भरत होती, तोच साहेब आले.

“ती गल्ली सोडून सगळीकडे मारा. धुराने आकडा चढतो.”

“ताप त्याच गल्लीत आहे, साहेब.”

“मग चार दिवसांनी मारा. पाहुणे येऊन जाऊ देत.”

“डासांना विचारून बघते, थांबताहेत का.”

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “बरं, असं करा. आधी गच्चीवर जा आणि यंत्राच्या नळीला ओलं फडकं गुंडाळा. धूर विरला की काढून घ्या. हे बघा मावशी, तुमचा कागद माझ्या टेबलावरच आहे.”

मावशीने औषधाचं झाकण फिरवून घट्ट लावलं. मागच्या वर्षी पाय मुरगळला तेव्हा घरी बसलेल्या प्रत्येक दिवसाचा पगार बुडाला होता. तो पाय आत्ताही ठणकत होता. कायम झालेल्या माणसाला आजारपणाची रजा मिळते.

मग तिने नाकावरचं फडकं खाली ओढलं.

“नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, साहेब. त्या यंत्राला तोंड नाही. मला आहे. पाहुण्यांपुढे उघडू?”

उत्तराची वाट न बघता तिने धुराचं यंत्र खांद्याला लावलं. संध्याकाळी गल्लीत धूर सुटला. घराघरांच्या कडेने, जिन्याखाली, दुकानाच्या फळीमागे तिने एक कोपरा सोडला नाही. चौकात माणसं जमली. आकडा भराभर चढला.

“मावशी, पाटी लाल झाली गं!” शिंपीदादा ओरडले.

“होऊ दे! धूर केलाय तर धूरच दाखवणार ना ती? उतरेल मग. तुम्ही सुनेला मच्छरदाणीत ठेवा, आणि बघत काय उभे राहिलात सगळे? नाकं झाका!”

साहेब स्कूटरवरून भरधाव आले. “बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा!”

“बाजूला व्हा साहेब, कपड्यांना वास लागेल,” म्हणत मावशीने त्यांना वळसा घातला आणि शेवटचं घर पुरं करूनच यंत्र बंद केलं.

शिंपीदादांची सून बरी झाली. तिला मुलगी झाली, ती आता दुकानात कापडाच्या चिंध्यांत लोळते. बक्षीस दुसऱ्याच गावाला गेलं. साहेबांची बदली झाली, पण जाण्याआधी सह्या करून गेले ते मावशीचा कागद तेवढा वगळून.

पिंपमावशी अजून रोजंदारीवर आहे. दर आठवड्याला गल्लीत येते आणि आधी शिंपीदादांच्या पिंपाचं झाकण उचलून बघते.