काकांची मान आणि माझा तोल

माझ्या काकांची मान मी सरळ केली तेव्हा ते वारून अकरा महिने झाले होते.

पेणच्या खाडीलगत आमच्या लोकांची मिठागरं. काकांनी तिथे उभा जन्म कावडीने मीठ वाहिलं, तेही कायम उजव्याच खांद्यावर. त्यामुळे उजवा खांदा वर चढला, मान डावीकडे पडली ती पडलीच, आणि सगळा माणूस एका अंगाला कलता झाला. (बांधावरून येताना दिसले की परगावचा माणूस आधार द्यायला धावायचा!) फोटो त्यांनी जन्मात काढला नाही. "मी हाय की समोर, फोटू कशाला?" असं म्हणायचे. समोर होते तोवर या बोलण्यात काही खोट नव्हती.

वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तेव्हा काकीने मला बोलावलं. मी अलिबागला चित्रकलेच्या वर्गाला जात असे. घराण्यात कागद काळे करणारा मी पहिलाच, त्यामुळे माझ्याविषयी सगळ्यांचा भलताच गैरसमज होता.

"जनू, मना त्यांचा तोंड आठवंनासा झालाय," काकी म्हणाली. "आवाज येतो, चाल दिसते. तोंड निसटतो. तू काढून दे."

मी हो म्हणून बसलो.

आता, आमच्या मास्तरांचा एकच मंत्र होता. काळ्याला वजन असतं. चित्रात एका बाजूला काळं पडलं, की दुसऱ्या बाजूला त्याचं उत्तर द्यायचं. जाड रेघेला जाड रेघ, डागाला डाग. नाहीतर चित्र कोसळतं. वर्गात मी काढलेलं प्रत्येक चित्र कोसळत असे, म्हणून या वेळी मी दातओठ खाऊन बसलो होतो. जाड कागद एकच होता. दौत, टाक आणि टीपकागद घेऊन मी ओटीवर मांडी घातली.

"काकी, नाक कसं होतं?"

"नाकासारखा."

"म्हणजे सरळ की बसकं?"

"मोठ्या मानसांच्या घरात नवऱ्याच्या तोंडाकडं टक लावून कोन बघतो रे? मी तर जल्मभर त्यांच्या मागनं चालले."

मग मी बाबांना धरलं. बाबा काकांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांनी कललेल्या मानेपासून सुरुवात करून सगळं नीट सांगितलं. मी पेन्सिलीने तसंच काढलं आणि लांबून पाहिलं. सगळा भार डावीकडे! मास्तर डोळ्यांपुढे उभे राहिले. मी मुकाट्याने रबर उचललं, काकांची मान सरळ केली, खांदे एका पातळीत आणले आणि शाईला हात घातला.

मिशीची उजवी बाजू विडीने जळून विरळ झालेली होती. तीही मी डावीएवढी दाट केली. तेवढ्यात टाकातून एक टपोरा थेंब काकांच्या डाव्या कानावर पडला. शाई काही पुसता येत नाही. मी त्या डागाचे केस केले. मग उजव्या कानावर केस आले. मग मधलं टक्कल उघडं वाटायला लागलं, म्हणून तिथेही आले. आता वरचा भाग इतका जड झाला की काका बुडणार असं दिसू लागलं. खाली वजन हवं, म्हणून मी त्यांना काळा कोट घातला.

बाबा मागे येऊन उभे राहिले.

"दादाला कोट कंदी व्हता?"

"खाली भार पाहिजे होता."

"न् केस? दादाच्या टालक्यावर मीठ सुकवता आला असता, येवढी मोकली जागा."

"थेंब पडला."

"मंग तो एक थेंब सोसायचा की रे. घरबार कशाला केलास त्याचा?"

चित्र मात्र तसूभरही कोसळत नव्हतं. माझ्या आयुष्यातलं तोल साधलेलं ते पहिलं चित्र, आणि त्यात काका सोडून सगळं होतं.

काकी हात पुसत बाहेर आली, चित्र बघितलं आणि झटकन डोक्यावरून पदर ओढून दाराआड झाली.

"यो कोन बाप्या हाय? मामलेदार?"

"काकी, काका आहेत."

"न्हाय. परक्या बाप्याला मी हार घालनार न्हाय. घरात पन नको."

आतून तिचं मुसमुसणं ऐकू येऊ लागलं. मी टाक मोडून टाकला. एका बाईचा नवरा वर्षभरात दुसऱ्यांदा नेला होता, आणि या खेपेला नेणारा मी होतो.

दुसरा कागद आणून पुन्हा काढायची माझी हिंमत झाली नाही. श्राद्धाच्या दिवशी भावकी जमायला लागली, तेव्हा बाबांनीच ते चित्र एका जुन्या चौकटीत बसवून उचललं. "भिंत रिकामी दिसते. ऱ्हाऊ दे जेवनं होईस्तर." काकी पाठ करून बसली. बाबांनी खिळा ठोकला, सुतळी अडकवली आणि हात सोडला. सुतळी सरकली. चौकट एका अंगाला कलंडली ती तशीच लटकत राहिली.

वाकडं सरळ करायचं, माझा एवढा एकच गुण शाबूत होता. मी धावलो.

"हात नको लावू!"

काकी वळून बघत होती. काळा कोट, केसांचं टोपलं, मामलेदारी मिशी, सगळं डावीकडे कललेलं, उजवा खांदा वर. तिचा पदर गळला. ती बराच वेळ बघत राहिली आणि डोळ्यांना धार लागली.

"आले," ती म्हणाली. "आता आले."

मग तिने स्वतः वरवंटा आणला आणि चौकट पुन्हा सरळ होऊ नये म्हणून खालच्या कोपऱ्याशी आणखी एक खिळा ठोकला.

पुढे मी शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो आणि पोरांना तोल शिकवून खाल्लं. काकीकडे कोणी आलं की हटकून म्हणे, फोटो वाकडा लागलाय. काकी शांतपणे सांगे, "कागूद जनूनं काला केला. मानूस मी काढला, एका खिल्यात." मी तिथे असलो तर मान खाली घालून चहा पीत असे, कारण तीस वर्षं शिकवूनही मला तो खिळा कुठे मारायचा ते कळलेलं नव्हतं.