वशिल्याचा फोन

डॉक्टरांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. डॉक्टरांवरच कशाला, कुणावरच नाही. कोडोलीच्या दूध संस्थेत मी दुधाची फॅट तपासतो. पाणी घातलेलं दूध पुढं करणाऱ्याचं तोंड मला लांबून ओळखू येतं. त्यामुळं थोरल्या भावाला सकाळी गोठ्यात छातीत कळ आली आणि गावातल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढून शहरात राजारामपुरीतल्या एकाच हॉस्पिटलचं नाव घेतलं, तेव्हा मी आधी त्यांचं तोंड निरखलं. यांचं तिथं साटंलोटं असणार, हे मनात पक्कं केलं.

आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये चढेपर्यंत त्यांनी पुढं फोनही केला. झटका मोठा आहे, रक्तदाब खाली गेलाय, हातपाय गार पडलेत. वाटेत भावाचा हात माझ्या हातात होता. खरंच गार होता, म्हणून मला जास्तच राग आला.

पोहोचलो तर स्ट्रेचर दारातच तयार. केसपेपर काढा नाही, बसा नाही. दवाखान्यात कुणी एवढी घाई करायला लागलं की मला काळंबेरं दिसायला लागतं. एक तरुण डॉक्टरीणबाई चालता चालताच माझ्याशी बोलल्या. हृदय इतकं थकलंय की अंगाला रक्त पुरत नाही. बंद पडलेली नस उघडायची आणि हृदयाला टेकू म्हणून पंप लावायचा, तो मांडीतून आत जातो.

"दुखणं छातीत आणि भोक मांडीत?" मी विचारलं.

"तिथून वाट सरळ आहे. सही करा, थांबायला वेळ नाही."

मी सही केली, पण दात-ओठ खातच.

मागोमाग दाजी आले, माझ्या बहिणीचे यजमान. आमच्याकडं माणूस ॲडमिट झाला की औषधाच्या आधी ओळख शोधतात. दाजींनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि मोबाइल तसाच बाईंच्या पुढं धरला.

"बोला की, सायबच हैत लायनीवर."

बाईंनी मोबाइलकडं पाहिलंसुद्धा नाही. "असा पेशंट आला की काय करायचं ते आमचं ठरलेलं आहे. सगळ्यांना हेच, याच क्रमानं. नंतर बोलते." आणि त्या आत गेल्या.

दाजींचं तोंड एवढंएवढंसं झालं. माझं डोकं फिरलं. सगळ्यांना हेच म्हणजे? माझा भाऊ म्हणजे काय सगळे आहेत? संस्थेत मीही सरपंचाचं आणि शेतमजुराचं दूध एकाच मशीनला लावतो, आणि लोक मशीनवरच संशय घेतात. पण तेव्हा हे कुणी मला सांगितलं असतं तर मी त्यालाच फैलावर घेतलं असतं.

बाकावर शेजारी शिरोळची एक बाई बसली होती. तिच्या मालकांना आमच्या थोडं आधी आणलं होतं, दुखणं अगदी तेच. मी तिच्याकडून माहिती काढायला लागलो. पंप लावला? व्हय. मांडीतनंच? व्हय. रक्त न्हेत्यात? सारखं न्हेत्यात की. लघवी मोजत्यात? व्हय. कुठंतरी फरक सापडेल म्हणून मी पुन्हापुन्हा विचारायचो. सापडला नाही, तेव्हा वाटलं, दोघांनाही सारखंच बनवतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे मालक गेले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. भावाचा रक्तदाब सावरला होता, लघवी नीट व्हायला लागली होती. मी त्याचा पाय चाचपला. उबदार होता. मला रडू आवरेना. तसाच बाहेर आलो तर शिरोळची ती बाई मालकांना न्यायच्या गाडीची वाट बघत उभी होती. तिच्याकडं बघायची लाज वाटली.

"पावणं," ती म्हणाली, "तुमच्या दाजींनी फोन लावला हुता न्हवं?"

"लावला हुता. पर डॉक्टरीणबाईंनी घेतला न्हाय. तुमच्याम्होरंच की."

"आत गेल्यावर घेतला आसंल."

"न्हाय ओ. दोघांस्नी एकच केलं त्यांनी. भावाची शप्पत घिऊन सांगतो."

तिनं माझं तोंड निरखलं. तिच्या जागी मी असतो तर मलाही हे पटलं नसतं.

"आमची कुणाची वळख न्हवती," ती म्हणाली, आणि पदर सावरून दारात आलेल्या गाडीकडं निघाली.