पदकं उजवीकडे

बाळांनो,

परवा तुम्ही दोघांनी आजोबांना पाठवलेला निरोप मी वाचला. "आजोबा, तुम्ही आर्मीत होतात आणि आम्हाला कधी सांगितलंच नाहीत!" खाली सलाम ठोकणारे चार पिवळे चेहरे. सोसायटीच्या स्वातंत्र्यदिनाचा व्हिडिओ तुमच्या आईने तुम्हाला पाठवला आणि त्यात आजोबांच्या खांद्यावर शाल पडताना तुम्ही पाहिलीत. म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. आणखी सहा महिने गेले तर हीच आपल्या घराची गोष्ट होऊन बसेल.

तुमचे आजोबा सैन्यात नव्हते. ते इथल्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे तपासत निवृत्त झाले. सैन्यात मी होते. लष्करी रुग्णालयात नर्स, हुद्दा लेफ्टनंट. तुमच्या आईला हे ठाऊक आहे. व्हिडिओबद्दल विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे ना आई, कौतुक तर झालं!" कौतुक कुणाचं झालं याने तिला फरक पडत नाही. मला पडतो.

घडलं ते क्रमाने सांगते. बेळ्ळंदूरच्या आमच्या या नऊ टॉवरांच्या संकुलात जुलैमध्ये सूचना आली : माजी सैनिकांनी आपली माहिती कळवावी. मी फॉर्म नीट, मोठ्या अक्षरांत भरला. नाव, हुद्दा, सेवा, वर्षं, फ्लॅट नंबर. समितीने त्यातला फक्त फ्लॅट नंबर वाचला आणि मालकांच्या यादीत नाव शोधलं. यादीत आजोबांचं नाव आहे. दिवसभर लॅपटॉपवर वाचण्याचा पगार घेणाऱ्या या माणसांना पाच ओळींचा कागद शेवटपर्यंत वाचवत नाही.

पंधरा ऑगस्टला सकाळी मी माझी दोन पदकं डावीकडे, पदराच्या निऱ्यांवर लावून खाली गेले. आपली पदकं डावीकडेच लावतात. सांस्कृतिक समितीची सचिव धावत आली. पुण्याची आहे, पस्तिशीची, कुठल्याशा कंपनीत चाळीस माणसं सांभाळते म्हणे.

"काकू, एक मिनिट! हे राइट साइडला हवेत. हसबंडची मेडल्स वाइफने घातली तर राइटला. मी चेक केलंय."

नियम तिने बरोबर शोधला होता. दुसऱ्याची पदकं घरच्या माणसाने उजवीकडे लावायची असतात. नियम बरोबर, माणूस चूक.

"ही माझी आहेत," मी म्हटलं.

"हो हो, तुमचीच! काकांचं सगळं तुमचंच की." ती हसली, तिच्याबरोबरच्या दोघी हसल्या, आणि बोलता बोलता तिने पिन काढून पदकं माझ्या उजव्या बाजूला टोचलीसुद्धा. मी हात वर नेला, तेवढ्यात माइकवरून "सावधान" आलं.

आणि मी हात खाली घेतला.

तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. झेंड्याची दोरी धरलेला सोसायटीचा इलेक्ट्रिशियन, समोर जिलेबीचे खोके, सावधान म्हणणारा माणूस एका बँकेच्या विक्री विभागातला. त्याच्या सावधानला कवडीची किंमत नव्हती. पण सावधान म्हटल्यावर हलायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की चुकीच्या बाजूला लावलेली माझीच पदकं घेऊन मी राष्ट्रगीत संपेपर्यंत खांबासारखी उभी राहिले. तो व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा पाहा. पहिल्या रांगेत आजोबा मान खाजवताहेत, सचिवबाई केस सारखे करताहेत. न हललेली एकच बाई दिसेल. कोण सैन्यात होतं हे ओळखायला तेवढं पुरे होतं, पण ओळखण्यासाठी पाहावं लागतं.

मग आजोबांना पुढे बोलावलं. मला वाटलं, आता हे सांगतील. शाल पडली तरी वाटत होतं, आता सांगतील. सचिवबाईने माइक त्यांच्या तोंडाशी धरला. "सर, एवढी वर्षं देशाला दिलीत. कधी रिग्रेट वाटलं?"

"छे छे," आजोबा म्हणाले, "तसं काही नाही."

टाळ्या. माझ्यामागे कुणीतरी म्हणालं, "किती हंबल आहेत ना!"

हा प्रश्न हल्ली सगळ्यांना फार आवडतो. पस्तावा झाला का, अभिमान वाटतो का. उत्तर टाळ्यांच्या सोयीचं असावं लागतं. मला तो कुणी विचारला नाही, म्हणून इथे उत्तर देते.

युद्धाच्या दिवसांत जखमींचे बूट कापून काढणं हे माझं काम होतं. पाय सुजलेले, नाड्या चिखलाने घट्ट बसलेल्या, मग घोट्यापासून मोठी कात्री चालवायची. प्रत्येक जोडीला नंबराची चिठ्ठी बांधून ती ओळीत ठेवायची. एक पाय गमावलेला एक जवान शुद्धीवर आला आणि पहिला प्रश्न त्याने विचारला, "सिस्टर, माझे दोन्ही बूट आहेत ना? जमा करावे लागतील." होते. दोन्ही होते. मी त्याला आणून दाखवले. त्या कामाचा पस्तावा मला एका दिवसाचाही नाही. तिथे मी जेवढी उपयोगी होते तेवढी नंतर कधीच नव्हते, तुमच्या आईला वाढवतानासुद्धा नाही.

त्या काळी आमच्यासाठी नियम असा होता की लग्न केलं की नोकरी संपली. पुरुष अधिकाऱ्याने लग्न केलं तर त्याला घर मिळे. आम्हाला घरी जाण्याचं पत्र मिळे. पुढे दुसऱ्या बायका कोर्टात लढल्या. मी लढले नाही. साहेबांनी पत्र पुढे सरकवलं तेव्हा मी "थँक यू, सर" म्हणाले, सलाम केला आणि शिस्तीत बाहेर आले. पस्तावा होतो तो त्या थँक यूचा. काढून टाकणाऱ्याचे आभार मानण्याइतकी शिस्त माणसाला असू नये.

त्या दिवशी घरी आल्यावर आजोबांनी शाल घडी करून माझ्यापुढे धरली. इस्त्रीखाली घातली तर वितळेल असली शाल.

"ही तुझी गं."

"मला नको. मला तुमचं एक वाक्य हवं होतं."

"माइक पुढे आला की मला सुचत नाही."

"सुचायचं काय त्यात? 'मी नाही, ही.' तीन शब्द."

 दुसऱ्या दिवशी आजोबा समितीच्या ऑफिसात जाऊन ते तीन शब्द बोलून आले. संध्याकाळी ग्रुपवर संदेश आला : "छोटीशी दुरुस्ती. काकांसोबत काकूसुद्धा आर्मीत नर्स होत्या. डबल प्राउड!" खाली शेकडो अंगठे. इथला वॉचमन तेवढा पुढल्या सकाळी गेटवर कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, नीवु लेफ्टनंटा?" ताई, तुम्ही लेफ्टनंट का, एवढंच. मी हो म्हटलं. "सरी," म्हणाला आणि पुढची गाडी सोडली. एवढी साधी गोष्ट होती ती.

त्या संध्याकाळी संदेश वाचून आजोबा कपाटाकडे गेले. पदकांची डबी काढली, आपलं भिंग शोधलं आणि खिडकीपाशी बसले. पदकाच्या कडेला बारीक अक्षरं कोरलेली असतात. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ती त्यांनी कधी वाचली नव्हती. नकाशे तपासायचे तसं एकेक अक्षर त्यांनी मोठ्याने वाचलं. दुसरं पदकही वाचलं. मग विचारलं, "मुलांना मी कळवू?"

"नको," मी म्हटलं. "मी लिहिते."

पदकं दोन आहेत. कपाटाच्या दुसऱ्या खणात, डावीकडे. त्यांच्या कडेवर माझा नंबर, माझा हुद्दा आणि माझं माहेरचं नाव आहे, आणि ते अजून वाचता येतं.