समोरासमोरची अरबी

रुग्णाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, हा बाईंचा धंद्यातला पहिला नियम. इस्पितळाच्या तळघरात, समांतर दांड्या आणि चाकाच्या खुर्च्या यांच्या गर्दीत, गुडघे बदललेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. ‘दुखतंय का?’ म्हणून विचारलं की शूर लोक नाही म्हणतात आणि भित्रे हो म्हणतात. दोन्ही उत्तरं बिनकामाची. त्यापेक्षा पायाची बोटं बघावीत. बोटं आत वळली की दुखतंय. भुवई चढली की अजून दुखत नाही, पण दुखेल अशी भीती आहे. दारातून आत येणारा माणूस बाईंना खुर्चीत बसायच्या आत वाचता यायचा. पुढे याच विद्येने त्यांचा घात केला.

झालं असं की परदेशातून, अरबी बोलणारे रुग्ण गुडघे बदलायला येणार, असं इस्पितळाने ठरवलं. त्यांच्यासाठी तिसऱ्या मजल्यावर वेगळा विभाग निघाला. व्यवस्थापकांनी जाहीर केलं, “ज्याला अरबी बोलता येईल, तो विभागप्रमुख. वर्षअखेरीला परीक्षा.” बाईंनी ती जागा मनातल्या मनात लगेच स्वतःच्या नावावर करून टाकली. आजवर दोन प्रमुख त्यांच्या डोक्यावर येऊन बसले होते आणि दोघांनीही काम बाईंकडूनच शिकून घेतलं होतं. शिवाय तिसऱ्या मजल्याला खिडक्या होत्या. निवृत्तीआधी कामाच्या जागी ऊन बघायला मिळावं, एवढी अपेक्षा काही गैर नव्हती.

दुसरी उमेदवार एकच, त्यांच्या हाताखालची रेडिओ. कानात सतत काहीतरी खुपसलेलं आणि तोंड सतत चालू, म्हणून हे नाव. तिने त्याच संध्याकाळी मोबाइलवर ऑनलाइन वर्ग लावला.

बाईंनी दोन्ही डगरींवर पाय ठेवला. सकाळी ऑनलाइन, संध्याकाळी घरी शिकवणी.

ऑनलाइनच्या शिक्षिका हनुवटीपर्यंतच दिसायच्या. नेट रडायला लागलं की त्या कॅमेरा बंद करायच्या आणि नुसता आवाज उरायचा. मग बाईंना डोळे मिटून, कान टवकारून एकेक अक्षर घशाच्या तळातून काढावं लागायचं. ‘मंत्री राजधानीला गेले’ हे वाक्य त्यांच्याकडून इतक्यांदा घोटून घेतलं की नवरा पेपरमागून म्हणाला,

“मंत्री गुडघे बदलायला आले तर सोय झाली.”

“भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं रे,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळचे सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले अरबीचे प्राध्यापक. इस्त्रीचा सदरा, जुनं पुस्तक, आणि मोबाइलवर शिकणाऱ्यांविषयी पक्कं मत. “उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे तो!” असं ते म्हणत. “अरबीला उंट चालायचाच,” असं नवरा स्वयंपाकघरातून म्हणे, पण हळू.

सर समोर बसले आणि बाईंना अरबी एकदम कळायला लागली. पहिल्याच दिवशी सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, खिसे चाचपले आणि अरबीत काहीतरी म्हटलं. “वाचायचा चष्मा घरी राहिला ना? असू दे,” बाई म्हणाल्या. सर चकित. पुढच्या आठवड्यात त्यांनी अरबीत एक लांबलचक गोष्ट सांगितली. बाई त्यांच्या खांद्यांकडे आणि आवळलेल्या मुठीकडे बघत राहिल्या.

“भावाशी भांडण झालं आणि अजून अबोला आहे. तुम्हाला बोलायचंय, पण आधी त्याने बोलावं,” त्या म्हणाल्या.

सरांनी पुस्तक मिटलं. एक शब्द चुकला नव्हता. अख्ख्या नोकरीत असा विद्यार्थी मिळाला नाही, असं त्यांनी नवऱ्याला दारात सांगितलं आणि जाताना डोळे पुसले. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून ऑनलाइन बंद केलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याला खुटखुट होती. “तू उत्तर मराठीत देतेस.”

“कळतंय ना सगळं!”

“आमच्या वर्गातही सगळ्यांना सगळं कळतं. पेपर टाकला की कळतं काय कळलं ते.”

“तुला बघवत नाही.”

“ते आहेच,” नवरा म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी बाई ठेवणीतले कपडे घालून व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या. खोलीत व्यवस्थापक होते, टेबल होतं, टेबलावर मोबाइल होता.

“परीक्षक कुठायत?”

“हे काय,” व्यवस्थापकांनी मोबाइलकडे बोट दाखवलं. “परदेशातून बोलतील. नातेवाईक आधी फोनच करणार ना आपल्याला.”

फोन बोलायला लागला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. काळा, चपटा, शांत. त्याला खांदे नव्हते, भुवया नव्हत्या, पायाची बोटं तर नव्हतीच. आवाज काहीतरी विचारत होता, एवढं नक्की; शेवट वर गेला होता. सवयीने त्यांनी व्यवस्थापकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावरून इतकंच कळलं की त्यांना भूक लागली आहे.

बाईंनी नमस्कार-चमत्कार केले. मग काहीतरी बोलायलाच हवं म्हणून आठवलं ते म्हटलं: मंत्री राजधानीला गेले. पलीकडे कुणीतरी खाकरलं. मग अत्यंत सभ्य स्वरात आणखी एक प्रश्न आला. मंत्र्यांविषयी होता की गुडघ्याविषयी, ते बाईंना आजतागायत माहीत नाही.

त्यांच्यानंतर रेडिओ आत गेली. बंद दारातून तिचा आवाज येत होता, चुलतबहिणीशी गप्पा छाटाव्यात तसा. मध्येच फोन हसला.

संध्याकाळी रेडिओ तळघरात पेढ्यासारखं गोड तोंड करून आली. “बाई, मनाला लावून घेऊ नका हं. तुमच्याइतकं काम मला कुठे येतं?”

“ते माहितीये मला,” बाई म्हणाल्या.

व्यवस्थापकांनी जिन्यात दिलासा दिला. वरच्या मजल्यावर उपप्रमुखाचीही जागा होती. काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेऊ.

“पुन्हा फोनवरच?”

“फोनवरच.”

सरांना हे कळल्यावर अपमान त्यांचाच झाला. “फोनवर कधी भाषा येते का कुणाला?”

“रेडिओला येते, सर.”

 सरांचा डावा खांदा खाली आला, पुस्तकावरची बोटं सैल पडली. आता ही पुन्हा त्या मोबाइलकडे जाणार, असं ते मनात म्हणत होते. तेही बाईंना लख्ख कळलं आणि तेव्हा कुठे त्यांना स्वतःचा आजार कळला. सरांनी आजवर त्यांना अरबी शिकवलीच नव्हती. त्यांनीच सरांना वाचून काढलं होतं.

“सर, उठा,” त्या म्हणाल्या. “आतल्या खोलीत बसा आणि दार लावून घ्या.”

“मी? मला बाहेर काढताय?”

“आत पाठवतेय. तिथून बोला. आणि मी मराठीत काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही.”

“घरपोच ऑनलाइन,” नवरा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो चहा टाकायला गेला.

सर पुस्तक काखेत मारून, तोंड पाडून आत गेले. दार लागलं. आतून एक वाक्य आलं, चांगलं ऐसपैस. बाई दाराकडे बघत राहिल्या. लाकूड, कडी, किल्लीचं भोक. काहीही कळलं नाही.

“सर, नाही समजलं.”

आत शांतता. सर शब्दाला जागणारे होते.

“अहो सर, एखादा शब्द तरी!”

शांतता. स्वयंपाकघरातला चमच्याचा आवाजही थांबला. बाईंनी डोळे मिटले. मग ऑनलाइनच्या शिक्षिकेने घोटून घेतलं होतं तसं, थेट घशाच्या तळातून, त्यांनी सरांशी पहिले अरबी शब्द काढले: “मर्रा उख्रा.” पुन्हा एकदा सांगा.

आत खुर्ची जोरात सरकली. पावलं घाईने दाराकडे आली. आनंद झाला की सर उठून उभे राहत, हे बाईंना माहीत होतं.

“बसा!” त्या ओरडल्या. “दार उघडायचं नाही!”