चार इंची रिम

रविवारी कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. एका फियाटपाशी नव्या रबराचा वास आला. मूळच्या अरुंद रिमवर कुणीतरी रुंद, गुबगुबीत टायर कोंबले होते, आणि तिलाच ‘अस्सल जतना’चं पहिलं बक्षीस मिळालं होतं. माझं डोकंच फिरलं.

मी कॉलेजात असताना वडील एका चेअरमनसाहेबांच्या फियाटवर ड्रायव्हर होते. निवडणूक जिंकल्यावर साहेबांना असेच टायर हवेसे झाले. मीही बरोबर होतो. टायरच्या दुकानात, त्याच वासात, दुकानदार इस्माईलभाईंनी रिमवर टेप धरली.

“साहेब, रिम चार इंची हाय. ह्यो टायर बसंल, पण वळणाला लोळंल.”

“बसतोय न्हवं? मग बसीव की! गाडीला रुबाब पायजे.”

इस्माईलभाईंनी हातातली लोखंडी पट्टी खाली ठेवली. “तुम्ही मागं बसणार. स्टेअरिंग ह्यांच्या हातात हाय. मी न्हाय बसवणार.”

वडील मुठीत किल्ली धरून जमिनीकडे बघत होते. साहेब तणतणत जुन्याच टायरांवर परत गेले. टायरवाल्याला एवढा तोरा कशाला, असं मला तेव्हा वाटलं. वडिलांना जे बोलता येत नव्हतं तेच इस्माईलभाई बोलले, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

“काय बघताय पावणं? भारी हाय की न्हाय?” फियाटच्या मालकानं विचारलं.

“वळणावर कशी चालते?”

“चालवतंय कोण? ट्रकात घालून आणलीया.”

चला, निदान तिच्या स्टेअरिंगवर कुणाचे वडील तरी नव्हते.