जपानी शेवया आणि गुरुपादप्पांचा हात

गुरुपादप्पा कुठलंही भांडं हातात घेतलं की दोनदा तोलायचे. एकदा गिऱ्हाइकासाठी आणि एकदा मनातल्या मनात, हे कुणाच्या डोक्यात घातलं तर काय होईल म्हणून. उदगीरच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि ही विद्या त्यांनी नुसती शिकली नव्हती, तरुणपणी भरपूर वापरली होती. हंड्यानं संगप्पा किराणावाल्याचं मनगट मोडलं होतं. परातीनं एका कंडक्टरचं कपाळ फोडलं होतं. मारून झालं की तेच जखमेत हळद भरत, तेच टांग्यात घालून दवाखान्यात नेत, आणि वाटेत "लागलं का रे?" असं इतक्या मायेनं विचारत की मार खाल्लेल्यालाच भरून येई. माणूस लोण्यासारखा. हात तेवढा लोखंडाचा.

ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा झाला. गुरुपादप्पांचं म्हणणं, जिल्हा व्हायचा तर उदगीरच व्हायला हवा होता. अशात त्यांचा धाकटा मेव्हणा बसलिंगप्पा, बहिणीचा लाडका आप्पा, लातूरहून पेढ्याचा पुडा घेऊन बहिणीकडे जेवायला आला. जेवता जेवता म्हणाला, "दाजी, आता साध्या दाखल्यासाठीबी तुम्हाला लातूरला आमच्या दारात यावं लागंल. येताना घोंगडं आणा, मुक्काम पडंल."

समोर पाण्यानं भरलेला पितळी तांब्या होता. तो गुरुपादप्पांनी तोललासुद्धा नाही.

तांब्याची कड बसलिंगप्पाच्या उजव्या डोळ्यात बसली. रक्त आधी ताटातल्या वरणात पडलं, मग पेढ्यांवर. या वेळी हळदीचा उपयोग झाला नाही. हैदराबादच्या डॉक्टरनं डोळा काढून टाकला.

शरणम्मा रडली नाही. तिनं नवऱ्याचा उजवा हात धरला, त्याच्या गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवला आणि म्हणाली, "परत कुणावर हात उचलला, तर मी लातूरला आप्पाच्या घरी जाईन. मग तुमच्या मयतीलाच येईन."

शरणम्मा बोलली म्हणजे झालं. एकदा चहा कडू झाला म्हणून तिनं चहा सोडला होता, तिचा कप अजून फळीवर पालथा आहे. तेव्हापासून चौतीस वर्षं गुरुपादप्पांचा उजवा हात खिशात राहिला. फारच राग चढला तर ते स्वतःचंच मनगट चावायचे. मनगटावर दातांचे वण होते, आणि जुन्या गिऱ्हाइकांना त्यातला कुठला वण कुठल्या भांडणाचा ते ठाऊक होतं. मेव्हणा लग्नकार्यात दिसायचा, पण दोघं कधी एका पंगतीत बसले नाहीत.

मग दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. मांजरा धरण तळाला गेलं, लातूरला आगगाडीनं पाणी यायला लागलं, आणि टाक्यांभोवती माणसं गोळा होऊ नयेत म्हणून पोलीस उभे राहिले. गुरुपादप्पांच्या दुकानात घागरी कधी नव्हत्या इतक्या खपल्या. त्यातल्या काही ठेचलेल्या कडा घेऊन दुरुस्तीला आल्या. गुरुपादप्पा कड निरखायचे आणि विचारायचे, "कुणाचं डोकं?"

त्याच उन्हाळ्यात लातूरच्या व्यापारी मंडळींनी खाद्य मेळावा भरवला. मंडप जानेवारीतच ठरला होता आणि ठरलेलं मोडायची त्यांना सवय नव्हती. अट एकच, प्यायचं पाणी ज्यानं त्यानं घरून आणायचं. बसलिंगप्पानं निरोप पाठवला, "दाजी, तुम्ही माझ्या दारात येणार न्हाई, मी तुमच्या येणार न्हाई. मेळाव्यात भेटू. एका बाकावर बसून खाऊ. मरायच्या आधी."

शरणम्मानं निरोप ऐकला आणि इतकंच म्हटलं, "हात खिशात."

मंडपाच्या कोपऱ्यात नांदेडच्या इंदूताईंचा स्टॉल होता. नवऱ्याच्या नोकरीपायी सात वर्षं जपानात राहून आल्या होत्या. पाटीवर 'जपानी रामेन, शुद्ध शाकाहारी' असं होतं, आणि 'शुद्ध'खाली दोन रेघा होत्या. तिघंही बाकावर बसले. मधे शरणम्मा, सरहद्दीसारखी.

चिनी मातीचे मोठे जाड वाडगे आले. गुरुपादप्पांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला. सवयीनं दोनदा तोलला.

"अवो!" शरणम्मा म्हणाली.

"न्हाई गं, माल बघून राहिलो. भारी हाय."

आत वाफाळता रस्सा, त्यात लांबच लांब शेवया, वर कांद्याची पात, मक्याचे दाणे आणि तीळ. गुरुपादप्पांना शेवया म्हणजे दूधसाखरेच्या. "ताई, साखर इसरलात काय?"

इंदूताई हसल्या. "काका, तिखट आहे हे. खा तर. आणि आवाज करून ओढायचं बरं का. जपानात न ओढता खाल्लं तर करणाऱ्याला वाईट वाटतं."

गुरुपादप्पांनी बायकोकडे पाहिलं. जेवताना भुरके मारतो म्हणून त्यांनी या बाईची आयुष्यभर बोलणी खाल्ली होती. त्यांनी पहिली शेवई ओठांत धरली आणि असा भुरका ओढला की शेजारच्या धपाट्यांच्या स्टॉलवाल्यानं मान वळवली.

"हाव!" डोळे मिटून ते म्हणाले. "शरणम्मा, नाहक ह्या देशात जन्मलो."

पलीकडून तसाच भुरका आला. बसलिंगप्पाच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं. तिखटानं असेल. "दाजी," तो म्हणाला. "चांगलं हाय." त्यांच्यात चौतीस वर्षांत झालेलं हे पहिलं बोलणं.

वाडगा रिकामा झाला तसा गुरुपादप्पांनी रीतीप्रमाणे हात पुढं केला. अन्न म्हणजे प्रसाद. शीत टाकायचं नाही, ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचं, हे त्यांच्या घरात पोराला बोलण्याआधी शिकवतात. घरून आणलेली बाटली मात्र तिखटापायी संपली होती. "ताई, वाडग्यात घोटभर पाणी टाका."

इंदूताईंनी टाकलं. गुरुपादप्पा बोटानं कडा धुवायला लागले.

मागं चौकडीच्या शर्टातला एक माणूस उभा होता. नऊ दिवस त्याच्या गल्लीत टँकर आला नव्हता. सकाळपासून टाकीपाशी उभा राहून, पोलिसाची काठी पाठीवर घेऊन तो रिकाम्या हातानं परत आला होता, आणि आत्ताच याच स्टॉलवर त्यानं घोटभर पाणी मागितलं होतं. अटीवर बोट ठेवून कुणीतरी नाही म्हटलं होतं.

"आम्हाला प्यायला न्हाई," तो ओरडला, "आन् ह्या शेटजीची भांडी धुवायला पाणी हाय?"

त्यानं वाडग्यावर हात मारला. वाडगा फुटला, धुवण गुरुपादप्पांच्या धोतरावर सांडलं. लोकांनी एवढंच पाहिलं की पाणी जमिनीवर गेलं.

मग कोण कुणाला मारत होतं ते मारणाऱ्यालाही कळेना. बाक उलटले. रश्श्याचं पातेलं कलंडलं आणि एकाचा पाय गुडघ्यापर्यंत भाजला, तो गुरासारखा ओरडत होता. कुणीतरी पाण्याच्या पिंपाकडे झेपावलं, त्याच्या पाठीत मंडपाची काठी बसली आणि ती मोडली. धपाटेवाल्याच्या नाकातून धार लागली होती. तो नाक न पुसताच उलथन्यानं मारत सुटला होता.

गुरुपादप्पांचा हात खिशातून बाहेर आला. प्रसाद सांडला होता. पायाशी दुसरा वाडगा होता, जाड, हातात अगदी बसेल असा. चौतीस वर्षं खिशात राहिलेल्या हाताला त्याचं वजन आठवलं.

तेवढ्यात त्यांना दिसलं. चौकडीवाल्यानं लोखंडी खुर्ची डोक्यावर उचलली होती आणि तो बसलिंगप्पाकडे चालला होता, उजव्या बाजूनं. बसलिंगप्पा शांत उभा होता. त्या बाजूचं त्याला दिसत नव्हतं, आणि का दिसत नव्हतं ते जगात गुरुपादप्पांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यांनी हात खिशात घातला आणि डोकं मधे घातलं.

खुर्ची आधी डोक्यावर बसली, मग खांद्यावर. खांद्याचं हाड वाळक्या तुरीच्या काडीसारखं वाजलं. रक्त डोळ्यांत उतरायच्या आधी त्यांनी शेवटचं पाहिलं ते हे, की आयुष्यात मुंगीही न मारलेला बसलिंगप्पा इंदूताईंचं ओगराळं घेऊन चौकडीवाल्याच्या डोक्यात घालतोय, आणि "माझ्या दाजीला! माझ्या दाजीला!" म्हणत पुन्हा घालतोय.

दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारीच आल्या. गुरुपादप्पांना अकरा टाके, चौकडीवाल्याला सात. गुरुपादप्पांनी मान वळवली.

"लागलं का रे?"

चौकडीवाल्याला भरून आलं.

इंदूताई उरलेल्या रामेनचा डबा घेऊन आल्या. गुरुपादप्पांनी फुटक्या ओठांनी भुरके मारत तो संपवला, त्यात घोटभर पाणी घेतलं, धुतलं आणि पिऊन टाकलं.

चौकडीवाला बघतच राहिला. "काका, पिलात व्हय?"

"मग काय फेकू? ह्या दुष्काळात?"

त्या माणसानं पांघरूण तोंडावर घेतलं.

शरणम्मा खाटेशी येऊन उभी राहिली. "हात उचलला?"

"न्हाई. इचार आप्पाला."

"मी बघितलं सगळं," ती म्हणाली. मग पदर खोचून म्हणाली, "मी आप्पाच्या घरी चालले."

गुरुपादप्पांनी डाव्या हातानं तिचा पदर धरला.

"उठा," शरणम्मा म्हणाली. "तुम्हीबी. जेवायला."

रिक्षात बसलिंगप्पानं दाजींना अलगद धरून बसवलं. रिक्षा चौकातून वळली तसा तो एका डोळ्यानं मागं बघत म्हणाला, "बघा दाजी, लातूर जिल्हा झाला म्हणून एवढा मोठा दवाखाना झाला. उदगीरला असता तर..."

गुरुपादप्पांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता, ते बरंच झालं.